डोकं, हात आणि वृत्ती: कॉलेजात तिन्हींचं मूल्यमापन कसं करायचं

नवी मुंबईतल्या एका पदवी कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरनं जाते-येते आणि पिशवीत बहुतेक वेळा पेपर नाहीतर जर्नलं असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका गठ्ठ्यातला पेपर माझ्या लक्षात राहिला. ॲसिड-बेस टायट्रेशनच्या (माहीत तीव्रतेच्या द्रावणावरून दुसऱ्याची तीव्रता काढायच्या प्रयोगाच्या) प्रश्नाला त्या मुलानं १० पैकी ९ गुण मिळवले होते. तत्त्व, समीकरण, आकडेमोड, सगळं चोख. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला तोच मुलगा माझ्यासमोर होता. त्यानं ब्युरेट (खाली कॉक असलेली मापाची उभी नळी) भरली, पण वरचं फनेल काढलं नाही. नळीच्या टोकात हवेचा बुडबुडा होता, तो घालवला नाही. रीडिंग मान वर करून, खालून घेतलं. जर्नलमध्ये मात्र तीन रीडिंगं ओळीनं सारखी: ९.८, ९.८, ९.८.

त्याचं डोकं तयार होतं. हात तयार नव्हता. आणि जे दिसलं तेच लिहायची सवय त्याला कुणी लावली नव्हती, मीसुद्धा नाही. या तीन वेगळ्या गोष्टींना मी एकच गुण देत होते, आणि त्या गुणाचा बहुतेक भाग लेखी पेपरवरून ठरत होता. तेव्हापासून मी माझी पद्धत बदलत आणली. नव्यानं रुजू झालेले सहकारी विचारतात तेव्हा जे तोंडी सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे. उदाहरणं माझ्या विषयातली असली तरी इंजिनिअरिंग, नर्सिंग, बी.एड., वाणिज्य कुठेही पायऱ्या याच राहतात.

आधी तीन क्षेत्रं नीट वेगळी करू

बी.एड. केलेल्यांना हे पाठ असेल. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक, म्हणजे डोक्याच्या, क्षेत्राचं वर्गीकरण मांडलं. १९६४ मध्ये क्रॅथवोल, ब्लूम आणि मसिया यांनी भावात्मक, म्हणजे वृत्तीच्या, क्षेत्राचं मांडलं. क्रियात्मक, म्हणजे हाताच्या, क्षेत्रासाठी त्या गटानं वर्गीकरण केलं नाही, ते पुढे इतरांनी केलं. त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली मांडणी भारतीय शिक्षणतज्ज्ञ आर. एच. दवे यांची, १९७० ची: अनुकरण, हाताळणी, अचूकता, सुसूत्रता आणि सहजता. २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी बोधात्मक क्षेत्राची सुधारित मांडणी केली. आठवणं, समजणं, उपयोजन, विश्लेषण, मूल्यनिर्णय आणि निर्मिती या सहा पातळ्या आज बहुतेक विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत दिसतात त्या तिथल्या.

एवढा इतिहास पुरे. रोजच्या कामाला उपयोगी पडतो तो एक प्रश्न: विद्यार्थ्याला हे माहीत असायला हवं, करता यायला हवं, की त्याच्या वागण्यात उतरायला हवं? ब्युरेटमधला बुडबुडा का काढायचा हे माहीत असणं, तो काढता येणं आणि कुणी पाहत नसतानाही तो काढणं, ही तीन वेगवेगळी शिक्षणं आहेत. प्रत्येकाचा पुरावा वेगळ्या ठिकाणी सापडतो.

पहिली पायरी: उद्दिष्टाचं क्रियापद बदला

आपल्या अभ्यासक्रमांत उद्दिष्टं अशी असतात: "विद्यार्थ्यांना टायट्रेशनचं तत्त्व समजेल." "प्रयोगशाळेतील सुरक्षिततेची जाणीव निर्माण होईल." समजलं हे कुणाला दिसतं? जाणीव झाली हे कशावरून ओळखायचं? म्हणून सत्र सुरू होण्याआधी वही घेऊन बसा आणि प्रत्येक उद्दिष्ट डोळ्यांना दिसेल किंवा कागदावर सापडेल अशा क्रियापदात पुन्हा लिहा. "दिलेल्या रीडिंगवरून सोडियम हायड्रॉक्साइडची नॉर्मॅलिटी (तीव्रता) काढतो." "सलग दोन रीडिंगं ०.१ मिलीच्या आत आणतो." "चुकलेलं रीडिंग खोडून न टाकता एका रेषेनं कापतो आणि शेजारी कारण लिहितो."

तिन्ही वाक्यं एकाच प्रयोगाची आहेत आणि तिघांची क्षेत्रं तीन. लिहून झालं की प्रत्येकासमोर बो, क्रि, भा असं एक अक्षर टाका. माझ्या पहिल्या यादीत २० पैकी १७ उद्दिष्टांसमोर "बो" आलं होतं. प्रॅक्टिकलच्या पेपरची ती यादी होती, आणि त्यात क्रियात्मक उद्दिष्टं दोन निघावीत, हे बघून मी ती सगळी पुन्हा लिहिली.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून आणि कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या तयारीत हे काम सगळेच करतात. इंजिनिअरिंगवाल्यांना अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएमुळे ते आधीपासूनच करावं लागतं. २०१४ मध्ये भारत इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला, आणि निष्पत्तीवर आधारित शिक्षण, सीओ-पीओ मॅपिंग (विषयाच्या निष्पत्ती पदवीच्या निष्पत्तींशी जोडणं) हे शब्द स्टाफरूममध्ये रोजचे झाले. अडचण एवढीच, की मॅपिंगचा तक्ता बऱ्याचदा सत्र संपल्यावर भरला जातो. तो सुरुवातीला भरला तरच प्रश्नपत्रिका आणि प्रॅक्टिकल त्यावर बेतता येतात.

दुसरी पायरी: संविधान तक्ता

शाळेतले शिक्षक प्रश्नपत्रिका काढण्याआधी संविधान तक्ता करतात. कॉलेजात आपण बरेच जण तो सोडून देतो, आणि मग पेपर आपल्या आवडीच्या घटकाकडे झुकतो. तक्ता साधा आहे. उभ्या बाजूला घटक, आडव्या बाजूला पातळ्या, चौकटीत गुण. ३० गुणांच्या अंतर्गत चाचणीत मी साधारण असं वाटते: आठवण्याला ६, समजण्याला ८, उपयोजनाला ९ आणि विश्लेषण किंवा त्यावरच्या पातळ्यांना ७. घटकावर किती तासिका खर्च झाल्या त्या प्रमाणात घटकांचे गुण. हे वाटप पहिल्या वर्षाला वेगळं, तिसऱ्या वर्षाला वेगळं. तक्ता वर्गातही दाखवा. मुलं कशाची तयारी करतात ते त्यावरून बदलतं.

तिसरी पायरी: डोक्याची परीक्षा, सहाही पातळ्यांवर

एकाच घटकावर सहा पातळ्यांचे प्रश्न कसे निघतात ते टायट्रेशनवरच दाखवते. आठवणं: फिनॉल्फ्थॅलिन या सूचकाचा (ॲसिड-बेसनुसार रंग बदलणाऱ्या द्रव्याचा) रंग साधारण कोणत्या पीएचच्या टप्प्यात बदलतो? (८.२ ते १०.) समजणं: ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप ओढून घ्यायची नळी) त्या त्या द्रावणानं विसळतात, पण कोनिकल फ्लास्क फक्त डिस्टिल्ड पाण्यानं, असं का? उपयोजन: १० मिली ०.१ नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिडला ९.६ मिली सोडियम हायड्रॉक्साइड लागलं, तर त्याची नॉर्मॅलिटी काढा. विश्लेषण: एका गटाची रीडिंगं ९.६, ९.६ आणि १०.४ आली, तिसरं वाढण्याची दोन संभाव्य कारणं सांगा आणि कोणतं खरं ते कसं तपासाल ते लिहा. मूल्यनिर्णय: एकानं व्हिनेगरच्या टायट्रेशनसाठी मिथिल ऑरेंज वापरलं, त्याची निवड योग्य की अयोग्य ते कारणांसह ठरवा. निर्मिती: बाजारातल्या दोन व्हिनेगरपैकी कोणात ॲसेटिक ॲसिड जास्त आहे हे तपासायची कृती स्वतः आखा.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. प्रश्नाची पातळी केवळ क्रियापदावरून ठरत नाही. "विश्लेषण करा" असं प्रश्नात लिहिलं, पण तेच विश्लेषण तुम्ही वर्गात नोट्समध्ये उतरवून दिलं असेल, तर मुलगा पाठ केलेलंच लिहिणार. तो प्रश्न आठवण्याच्या पातळीवर आला. म्हणून वरच्या पातळीच्या प्रश्नातली आकडेवारी किंवा प्रसंग वर्गासाठी नवा असायला हवा. तत्त्व शिकवलेलं, प्रसंग न पाहिलेला. मी दर सत्राला असे पाच-सहा प्रसंग बाजूला ठेवते आणि वर्गात त्यांचा उल्लेखही करत नाही. बाजारातल्या गाइडमधून प्रश्न उचलले तर हे साधत नाही.

तपासताना एक प्रश्न सगळ्यांचा तपासा, मग दुसरा. एक पेपर पूर्ण तपासून पुढचा घेतला, तर पहिल्या उत्तराची छाप पुढच्या उत्तरांवर पडते. सुंदर अक्षराचीही पडते. नाव दिसणार नाही असा पान दुमडून ठेवा. उत्तरसूची परीक्षेआधी लिहा आणि पहिले पाच पेपर तपासून झाले की तिच्याकडे परत बघा, कारण मुलं कधीकधी आपल्याला न सुचलेलं बरोबर उत्तर लिहितात.

बहुपर्यायी प्रश्न घालत असाल तर चाचणीनंतर अर्धा तास काढून प्रश्नांचंही मूल्यमापन करा. समजा वर्गात ६० जण आहेत. गुणानुक्रमे वरचे २७ टक्के आणि खालचे २७ टक्के घ्या, म्हणजे प्रत्येकी साधारण १६. एखादा प्रश्न वरच्या १६ पैकी १३ जणांना आणि खालच्या १६ पैकी ५ जणांना आला. दोन्हींची बेरीज १८, भागिले ३२, म्हणजे काठिण्य निर्देशांक ०.५६. फरक ८, भागिले १६, म्हणजे भेदक निर्देशांक ०.५. हा प्रश्न ठेवण्यासारखा आहे. खालच्या गटाला वरच्या गटापेक्षा जास्त आला, म्हणजे भेदक निर्देशांक उणे निघाला, तर उत्तरसूची चुकली आहे का ते आधी बघा. नाहीतर प्रश्नाची भाषा हुशार मुलांना गोंधळात टाकते आहे.

चौथी पायरी: हाताची परीक्षा

आपल्याकडे प्रॅक्टिकलचे गुण बऱ्याचदा जर्नल, व्हायवा आणि शेवटचं उत्तर यांवर दिले जातात. या तिन्हींत हात कुठे दिसतो? जर्नल उतरवता येतं. व्हायवा पुन्हा डोक्याची परीक्षा. आणि सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, शेजारच्या टेबलावरून चालत येतं. हाताची परीक्षा हात चालू असतानाच घ्यावी लागते.

त्यासाठी चेकलिस्ट करा. माझी टायट्रेशनची यादी अशी आहे, आणि प्रत्येक बाब हो किंवा नाही एवढ्यातच नोंदवायची:

- ब्युरेट वापरायच्या द्रावणानं विसळली.
- भरल्यावर फनेल काढून ठेवलं.
- कॉक पूर्ण उघडून टोकातला बुडबुडा घालवला.
- पिपेटला रबरी बल्ब लावला, तोंडानं ओढलं नाही.
- पिपेटमधला शेवटचा थेंब फुंकला नाही, टोक फ्लास्कच्या भिंतीला टेकवलं.
- फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली.
- शेवटाजवळ एकेक थेंब सोडला आणि फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकेपर्यंत थांबला.
- डोळा मेनिस्कसच्या (द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या) पातळीत आणून रीडिंग घेतलं.

आठच बाबी. पहिल्या वर्षी मी २२ लिहिल्या होत्या. २२ बाबी पाहता पाहता मुलाकडे बघणंच राहून जातं. चुकली तर उत्तर चुकतं किंवा इजा होते, एवढ्याच ठेवा.

यादीचा अर्थ नीट कळावा म्हणून शेवटून दुसऱ्या बाबीजवळ थांबते. शिकाऊ हात शेवटाजवळ घाई करतो. फिकट गुलाबी छटा येते, फ्लास्क हलवला की जाते. पुन्हा येते, जरा उशिरा जाते. कसलेला हात तिथे कॉकवर जवळजवळ थांबलेला असतो. अर्धा थेंब टोकाशी लोंबू देतो, फ्लास्कच्या आतल्या भिंतीला टेकवून घेतो आणि वॉश बॉटलनं खाली ढकलतो. दवे यांच्या पायऱ्या इथे अक्षरशः दिसतात. माझं बघून करणारा अनुकरणावर असतो. सूचना वाचून स्वतः करणारा हाताळणीवर. सलग दोन रीडिंगं जुळवणारा अचूकतेवर. एका हातानं कॉक आणि दुसऱ्या हातानं फ्लास्क सांभाळत, नजर रंगावर ठेवून काम करणारा सुसूत्रतेवर. आणि हे सगळं करताना शेजारच्या मैत्रिणीला बुडबुडा दाखवून देणारी मुलगी सहजतेवर पोहोचलेली असते. गडद गुलाबी फ्लास्क टेबलावर उभा दिसला, की वहीत काही लिहिलेलं नसतानाही मला कळतं की हात अजून तयार व्हायचा आहे.

एकटी शिक्षिका २० जणांच्या बॅचकडे कसं बघणार, हा पहिला आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. सगळ्यांकडे एकाच दिवशी बघू नका. दर प्रॅक्टिकलला चार जण ठरवा आणि त्या दिवशी फक्त त्यांची यादी भरा. सत्रात १० प्रॅक्टिकल झाली तर ४० निरीक्षणं होतात, म्हणजे प्रत्येकाची दोन. पहिलं निरीक्षण शिकवण्यासाठी, त्याचे गुण नाहीत. यादी त्याच्या हातात द्यायची. दुसऱ्याचे गुण. शाळेच्या भाषेत पहिलं आकारिक, दुसरं संकलित. आज कोणते चार, हे मुलांना सांगू नका.

गुणांची विभागणी: २० गुणांच्या प्रॅक्टिकलला मी कृतीला ८, निष्कर्षाच्या अचूकतेला ६, नोंदींना ३ आणि तोंडीला ३ देते. निष्कर्षासाठी प्रमाण रीडिंग त्याच सकाळी स्वतः काढा किंवा लॅब असिस्टंटकडून काढून घ्या. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं, मागच्या आठवड्याच्या बाटलीवरचा आकडा आज चालत नाही. आणि जमलं तर बॅचमध्ये तीन वेगळ्या तीव्रतेची द्रावणं वाटा, बाटल्यांवर फक्त क्रमांक टाकून. शेजारचं रीडिंग उतरवण्यात मग काही अर्थ उरत नाही.

वर्षातून एकदा तरी सहकाऱ्याला सोबत उभं करा. एकाच विद्यार्थ्याची यादी दोघांनी वेगवेगळी भरा आणि ताडून बघा. आमच्या पहिल्या ताळ्यात "बुडबुडा घालवला" यावर एकमत होतं, पण "थेंब थेंब सोडला" यावर नव्हतं, कारण शेवटाजवळ म्हणजे नक्की कुठून, हे आम्ही ठरवलंच नव्हतं. मग ठरवलं: रंग पहिल्यांदा चमकून गेल्यापासून.

वैद्यकीय आणि नर्सिंगच्या शिक्षकांनी हे फार पुढे नेलं आहे. रोनाल्ड हार्डन यांनी स्कॉटलंडमधल्या डंडी इथे १९७५ मध्ये ऑस्की ही पद्धत मांडली. विद्यार्थी ठरावीक वेळानं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो. एकीकडे रक्तदाब मोजायचा, दुसरीकडे रुग्णाशी बोलायचं, आणि प्रत्येक टेबलाला ठरलेली यादी. सत्राअखेरीस मी तिची छोटी आवृत्ती घेते: पाच टेबलं, प्रत्येकी पाच मिनिटं. एकावर पिपेट, एकावर वजनकाटा, एकावर भरलेली ब्युरेट वाचणं, एकावर द्रावण विरल करणं, एकावर मांडणीतली चूक ओळखणं. पाच जण एकाच वेळी फिरतात, २० जणांची बॅच शंभर-सव्वाशे मिनिटांत संपते. प्रत्येक टेबलावर कुणी पाहणारं लागतं असं नाही. ब्युरेटच्या टेबलावर फक्त चिठ्ठी लिहून घेतली तरी पुरतं.

तोंडी परीक्षेबद्दल वेगळं

आमच्याकडे शहापूर, मुरबाड, वांगणीकडून मुलं येतात. बारावीला विज्ञान इंग्रजीत केलेलं असलं तरी दहावीपर्यंत मराठी माध्यम. अशा एका मुलीला मी विचारलं, "व्हॉट इज द प्रिन्सिपल?" ती खाली बघत राहिली. रकान्यात शून्य टाकायला पेन उचललं होतं, तेवढ्यात मराठीत विचारलं, "अगं, फ्लास्कमध्ये नक्की काय संपतं म्हणून रंग बदलतो?" ती म्हणाली, "मॅडम, ॲसिड संपलं की पुढचा थेंब बेसचाच उरतो ना, तो रंग दाखवतो." पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा हे उत्तर नेमकं होतं. त्याआधी किती जणींच्या रकान्यात मी शून्य टाकलं असेल, हे आजही मनाला लागतं.

तोंडी परीक्षेत इंग्रजी बोलणं मोजायचं असेल तर तसं उद्दिष्ट लिहा, त्याचे गुण वेगळे ठेवा आणि ते शिकवाही. रसायनशास्त्र मोजायचं असेल तर मराठीत, हिंदीत, आकृती काढून, हातवारे करून आलेलं उत्तर धरा. प्रश्न आधी लिहून ठेवा आणि तीन काठिण्य पातळ्यांतले प्रत्येकी एक असे तीन प्रत्येकाला विचारा. जे ओठांवर येईल ते विचारलं, तर बोलक्या मुलांना सोपे जातात आणि गप्प मुलांना अवघड.

पाचवी पायरी: वृत्तीची परीक्षा

हे सर्वांत नाजूक काम. बरेच जण ते टाळतात किंवा हजेरीचे गुण देऊन मोकळे होतात. हजेरीनं वृत्ती कळत नाही. जुलैच्या पावसात रुळांवर पाणी साचलं की कसाऱ्याहून निघालेला मुलगा वेळेत पोहोचत नाही, आणि सेक्टरमध्येच राहणारा पोहोचतो. यातून कळतं ते घर कुठे आहे, एवढंच.

स्वभावाला गुण देऊ नका. "नम्र", "उत्साही", "जबाबदार" ही विशेषणं यादीत आली की लाजाळू मुलं आपोआप मागे पडतात. गुण द्यायचे ते विषयाला आवश्यक असलेल्या, दिसणाऱ्या वागण्याला. मी चारच बाबी बघते: रीडिंग थेट जर्नलमध्ये पेननं नोंदवणं, सुरक्षा-चष्मा लावणं, वापरलेलं द्रावण ठरलेल्या भांड्यात टाकणं, काही फुटलं किंवा सांडलं तर स्वतः येऊन सांगणं. प्रत्येकाला चार पायऱ्या: सांगूनही करत नाही, सांगितल्यावर करतो, न सांगता करतो, मी नसतानाही करतो. शेवटच्या पायरीसाठी लॅब असिस्टंटना विचारते. ते दादा २० वर्षं त्या प्रयोगशाळेत आहेत, कोण बेसिन कसं सोडून जातं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. क्रॅथवोल यांनी ग्रहण, प्रतिसाद, मूल्य मानणं, मूल्यांचं संघटन आणि शेवटी ते स्वभावात मुरणं अशा पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. माझी चार पायऱ्यांची पट्टी त्यांचंच प्रयोगशाळेपुरतं रूप आहे.

भावात्मक नोंद एका दिवसावरून करू नका. प्रासंगिक नोंदींची एक छोटी वही ठेवा: तारीख, काय घडलं, दोन ओळी, स्वतःचं मत नाही. एक नोंद सांगते. सगळ्या बॅचची रीडिंगं ९.७, ९.८ येत होती. एका मुलाचं १०.३ आलं, पुन्हा केलं, पुन्हा १०.३. शेजारचे म्हणाले, "९.८ टाक ना, मॅडम चुकलं म्हणतील." त्यानं १०.३ लिहिलं आणि खाली एक ओळ: "कारण सापडलं नाही, फ्लास्क द्रावणानं विसळला गेला असावा." तसंच झालं होतं. विसळताना थोडं ॲसिड आत राहिलं आणि रीडिंग वाढलं. अचूकतेचे गुण त्याला कमीच मिळाले, ते मी वाढवले नाहीत. नोंदींचे तीनपैकी तीन दिले, आणि का दिले ते बॅचसमोर सांगितलं. त्यानंतरच्या आठवड्यांत जर्नलमध्ये न जुळणारी रीडिंगं दिसायला लागली. खरी रीडिंगं लिहिल्यानं नुकसान होत नाही अशी खात्री पटली, तरच मुलं ती लिहितात, आणि ती खात्री आपल्या गुणदान पद्धतीतून यावी लागते.

मतांना गुण देऊ नका, हेही तितकंच महत्त्वाचं. पर्यावरणाच्या प्रकल्पासाठी आम्ही मुलांना ऐरोलीच्या खाडीवर नेतो. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, आणि मुलांनी त्या पाणथळीचं मोल जाणावं असं मला मनापासून वाटतं. एका वर्षी खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या मुलानं लिहिलं, की पाहुणे पक्षी बघायला येतात, पण आमच्या वडिलांच्या जाळ्यात आता काय येतं ते कुणी विचारत नाही. त्याच्या अहवालात पक्ष्यांबद्दल प्रेमाचा एक शब्द नव्हता. पण त्यानं चार घरी जाऊन विचारपूस केली होती, काय सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं होतं आणि आपला अंदाज कुठे आहे तेही वेगळं दाखवलं होतं. त्याला वरचे गुण मिळाले. मोजायचं ते हे: दुसऱ्याचं म्हणणं ऐकलं का, पुरावा आणि मत वेगळं ठेवलं का, स्वतःची भूमिका कारणांसह मांडली का. आपल्याला आवडेल ते लिहिणाऱ्याला जास्त गुण दिले, तर मुलं लवकरच तेवढंच लिहायला शिकतात.

वैद्यकीय अभ्यासक्रमात २०१९ पासून एटकॉम हा भाग आला आहे, वृत्ती, नीती आणि संवादासाठी. तिथेही प्रसंग, चर्चा आणि आत्मचिंतनपर लेखन यांवर भर आहे. आत्मचिंतन लिहून घेत असाल तर प्रश्न टोकदार ठेवा. "या सत्रात काय शिकलात?" याला गुळगुळीत उत्तरं येतात. "आज तुमच्या हातून काय चुकलं, ते कधी लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर पहिल्यांदा काय केलंत?" याला खरी येतात. तपासताना भाषेकडे बघू नका, आणि कबूल केलेल्या चुकीबद्दल गुण कधीच कापू नका.

गटकामात एकमेकांना गुण द्यायला लावता येतं, पण एकूण गुणांच्या थोड्या भागापुरतंच आणि कारण लिहून. "कोण चांगलं?" असं विचारू नका. "कुणी कोणतं काम केलं?" एवढंच विचारा.

सहावी पायरी: बेरीज करण्याआधी थांबा

विद्यापीठाला एक आकडा पाठवावाच लागतो, तो नियमानं पाठवा. पण आपल्या वहीत तीन रकाने वेगळे ठेवा. बेरजेत एक क्षेत्र दुसऱ्याला झाकतं. लेखीत ९ मिळवणाऱ्याचा न सुटलेला बुडबुडा बेरजेत दिसत नाही, आणि कसलेल्या हाताच्या मुलीचं कौशल्य लेखीतल्या चारात बुडून जातं. आमच्या शेजारच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात किंवा तळोज्याच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला मुलं लागतात, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्या हातात पिपेट येतं.

शक्य असेल तिथे प्रत्येक क्षेत्राला किमान पातळी ठेवा. माझ्याकडे आठ कृतींपैकी सहा जमल्याशिवाय प्रयोग पूर्ण धरला जात नाही. पुन्हा करायला बोलावते, गुण कापत नाही. सुरक्षेच्या बाबतीत मात्र सवलत नाही. तोंडानं पिपेट ओढलं तर प्रयोग तिथेच थांबतो.

निकाल सांगताना तीन रकान्यांवरून तीन वाक्यं लिहा, प्रत्येक क्षेत्राला एक, आणि प्रत्येकात पुढे काय करायचं ते. "आकडेमोड पक्की आहे, आता सूचक कसा निवडतात त्यावरचे दोन प्रश्न सोडव. शेवटाजवळ घाई होते, गुरुवारी चारला रिकामी ब्युरेट आहे, पाण्यावर थेंब सोडायचा सराव कर. नोंदी प्रामाणिक आहेत, फक्त कापलेल्या रीडिंगशेजारी कारण लिही." ६० जणांना असं लिहायला मला दोन संध्याकाळी लागतात. त्या दोन संध्याकाळी मी पूर्वी जर्नलांच्या प्रत्येक पानावर सह्या करण्यात घालवत होते.

सत्र संपलं की चेकलिस्ट घेऊन पुन्हा बसा. जी बाब सगळ्यांना जमली ती पुढच्या वर्षी गुणांतून काढा, नुसती शिकवा. जी जवळजवळ कुणालाच जमली नाही, ती शिकवताना आपण दाखवली होती का ते आठवा. अर्ध्या थेंबाचं मी तीन वर्षं नुसतं तोंडी सांगत होते. आता पहिल्याच प्रॅक्टिकलला पाच-पाच जणांना टेबलाभोवती घेते, कॉक त्यांच्याच हातात देते आणि तो थेंब टोकाशी लोंबेपर्यंत कुणाला बोलू देत नाही.